चिठ्ठीवर आधी माणसाचं वाक्य

यूएक्स रिसर्च, म्हणजे अ‍ॅप वापरणाऱ्या माणसांचा अभ्यास, करताना मुलाखती जमतात, पर्सोनाही (नमुना वापरकर्त्याचं वर्णन) जमतो. नवख्याचा पाय घसरतो तो मधल्या विश्लेषणात, म्हणजे मुलाखतीतली एकेक गोष्ट चिठ्ठीवर लिहून भिंतीवर त्यांचे गट पाडताना. माझाही तिथेच घसरला, अजून आठवलं की जीव चुटपुटतो.

पहिलं काम सांगली जिल्ह्यातल्या दूध संकलनाच्या अ‍ॅपचं. सहा शेतकऱ्यांशी बोलून आलो आणि संध्याकाळी मी पहिलीच चिठ्ठी लिहिली, 'वयस्कर शेतकऱ्यांना अ‍ॅप अवघड जातं.' दुसरी, 'कागदाची सवय सुटत नाही.' गट पटापट पडले, भिंत देखणी झाली, वरिष्ठही खूश. आम्ही अक्षरं मोठी केली, शिकवणारा व्हिडिओ टाकला. पुढच्या दहा दिवसांच्या बिलाला शेतकरी पुन्हा पावत्यांची चळत घेऊन केंद्रावर उभे.

मग रेकॉर्डिंग परत ऐकलं. एका काकांनी खिशातली पावती फोनशेजारी धरून म्हटलं होतं, "हितं सकाळचं नि सांजचं दूध एकत्रच दावतंय. मेळ कसा घालायचा?" पावती प्रत्येक वेळच्या दुधाची, त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर. अ‍ॅपमध्ये दिसायची दिवसाची बेरीज. काकांना अ‍ॅप नीट कळत होतं! त्यांचं वाक्य बाजूला ठेवून मी माझं मत लिहिलं, आणि गटही माझ्याच मतांचे पडले.

तेव्हा चिठ्ठीवर ऐकलेलं आणि पाहिलेलं तेवढंच लिहा, कोपऱ्यात बोलणाऱ्याचा क्रमांक टाका. 'सवय', 'अवघड', 'गोंधळ' असा शब्द आला की हात थांबवा आणि विचारा, त्या माणसानं नेमकं केलं काय? अर्थ नंतर लावा, वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीवर. गटांना नावं तर अगदी शेवटी. चिठ्ठ्यांचे गट पाडायची ही रीत मुळात जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची, १९६०च्या दशकातली. आधीच ठरवलेल्या कप्प्यांत चिठ्ठ्या कोंबायच्या नाहीत, हा तिचा गाभा.

एआयकडून गट पाडून घेऊ नका, निदान पहिल्या दोन-तीन कामांत तरी. सारांशात सगळ्यात आधी गळतं ते काकांसारखं वाक्य. आणि मेंटॉर असा धरा, जो भिंतीपाशी येऊन विचारेल, "हे कोण म्हणालं?"

दीडशे चिठ्ठ्यांसमोर दुसऱ्या दिवशी काही सुचत नाही, रडू येतं. घाबरू नका, सगळ्यांचं होतं. फक्त कुठल्याच गटात न बसणारी चिठ्ठी फेकू नका.

आम्ही शेवटी अ‍ॅपमध्ये सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन ओळी केल्या, पावतीवरच्याच क्रमाने.