पोट्ट्यांचं नाव जिल्ह्यापर्यंत न्यायचं तर जुलैतच कामाला लागा

आमच्या विदर्भात ऊन लवकर हटत नाही, म्हणून शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तिकडे पुण्या-नाशकाची पोरं पहिला धडा संपवून बसलेली असतात, तेव्हा आम्ही वर्गातली कबुतरं हाकलत असतो. नवीन लागलेल्या शिक्षकांना वाटतं, जुलै काय, असाच जाणार. नागपूर जिल्ह्यात, भिवापूरकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी एकोणीस वर्षं गेली. माझा अनुभव उलटा आहे. डिसेंबरात परीक्षा, त्यानंतर प्रदर्शन, मग बक्षीस, यातलं अर्धं काम जुलैत उरकावं लागतं. आणि ते काम शिकवण्याचं नाही, पोराचं नाव नीट लिहिण्याचं आहे.

हसू नका. माझी एक विद्यार्थिनी एनएमएमएसमध्ये लागली होती. ही आठवीची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48,000. गावात पेढे वाटले, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नाव लागलं. वर्ष गेलं, पैसे आले नाहीत. तिचा बाप सायकलवर शाळेत आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, ते पैसे दुसऱ्याच्या खात्यात तर नाही ना गेले जी?" पैसे कुठंच गेले नव्हते. फॉर्मवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासबुकात आडनावातलं एक अक्षर गायब. आणि फॉर्म भरला होता मी. रजिस्टर समोर ठेवून, घाईघाईत, शेवटच्या दिवशी. तेव्हापासून माझा जुलै असा जातो.

एक आडवी वही घ्या. सहावी, सातवी, आठवीतल्या प्रत्येक पोरासाठी एक ओळ. रकाने पाच: दाखल-खारीज रजिस्टर, जन्मदाखला, आधार, यू-डायस (म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन नोंद) आणि बँक पासबुक. प्रत्येकातलं नाव जसंच्या तसं उतरवा, मराठीतलंही आणि इंग्रजीतलंही. 'ज्योती' आणि 'ज्योति' आपल्याला एकच, कॉम्प्युटरला दोन पोरी. आईच्या नावाचा घोळ तर वेगळाच. एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर लग्नात बदललेलं. जिथं फरक दिसेल तिथं लाल पेनानं गोल करा. माझ्या मागच्या वहीत पहिल्या पानावर लाल गोल जास्त होते आणि कोरी जागा कमी.

दुरुस्ती करताना एक सांभाळा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. कोणीतरी 'चला, करून टाकू' म्हणालं म्हणून पोराला केंद्रावर पाठवू नका. आधी जन्मदाखला आणि रजिस्टर जुळवा, मग त्याप्रमाणे आधार, आणि सगळ्यात शेवटी बँक. खातं पोराच्या स्वतःच्या नावानं हवं आणि आधारशी जोडलेलं हवं. 'जोडलं आहे' असं बँकेतल्या शिपायानं सांगितलेलं धरू नका.

आता हे सगळं करायला मायबाप कुठं सापडतात? जुलैत तर धानाची रोवणी. सगळं गाव गुडघाभर चिखलात, बांधीत. पालक सभा लावली तर शाळेत आजी आणि कुत्रा येतो. मी दोन युक्त्या करते. बँक ज्या गावात आहे तिथल्या बाजाराच्या दिवशी मी तिथंच जाऊन थांबते, कारण त्या दिवशी माय भाजीला येतेच. नाहीतर सरळ बांधीवर जाते. चपला हातात घेऊन धुऱ्यावर उभं राहिलं की दहा मिनिटांत चार सह्या होतात, आणि वर चहाही मिळतो.

उत्पन्नाचा दाखलाही आत्ताच. एनएमएमएससाठी घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं आणि दाखला तहसीलदाराचा. तलाठ्याचा अहवाल, सेतूतली रांग, मधे पोळा, मग गणपती. सप्टेंबरात निघालात तर दिवाळी येते. सातवीला 55 टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 5 टक्के सूट. तेव्हा गुणपत्रकाची झेरॉक्सही त्याच वहीत टोचून ठेवा.

अभ्यासाबद्दल थोडंच सांगते, कारण त्यावर गाईड ढिगानं आहेत. एनएमएमएसचे दोन पेपर, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. शालेय क्षमतेत विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल कोरा सोडायचा नाही, हे पोरांच्या डोक्यात बसवा. आमची पोरं प्रामाणिक. 'येत नव्हतं म्हणून सोडलं मॅडम' म्हणतात. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून दर शनिवारी नुसते गोल रंगवायचा सराव घेते मी. परीक्षेच्या दिवशी दोन पेपरच्या मधे मोठी सुट्टी असते. तेव्हा पोरं डबा खाऊन भिंतीला टेकतात आणि झोपतात. झोपू द्या. फक्त उठवायला कोणीतरी हवं, आणि ते कोणीतरी तुम्हीच. एका वर्षी दुसऱ्या केंद्रावर गेलेला आमचा एक पोट्टा पिंपळाखाली झोपूनच राहिला होता.

आता विज्ञानाचं. इथं माझा जीव जास्त रमतो, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

तालुक्याच्या कोणत्याही विज्ञान प्रदर्शनात जा. इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी तीन शाळांचा असतो. खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी दोघांचा. थर्माकोलचं घर, त्यावर हिरवा रंग, खाली 'पावसाचे पाणी वाचवा'. मीही पहिली पाच-सहा वर्षं हेच केलं. रात्री जागून मीच चिकटवायची, आणि सकाळी पोरगी माझं पाठ केलेलं बोलायची. परीक्षकांनी एक प्रश्न मधेच विचारला की तिचा चेहरा पांढरा.

इन्स्पायर मानक, म्हणजे शाळकरी पोरांच्या विज्ञानातल्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना, तिच्यात हे चालत नाही, आणि म्हणूनच मला ती योजना आवडते. शाळेनं सहावीपासून पुढच्या मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या, एका शाळेला पाच. निवड झाली तर मॉडेल बनवायला 10,000 रुपये पोराच्या खात्यात (पुन्हा ते नाव, पुन्हा ते पासबुक). कल्पना मात्र पोराची, त्याच्या आसपासच्या अडचणीतली हवी. नावं भरायची मुदत साधारण पावसाळ्यातच संपते. म्हणून जुलैत मी पोरांना एकच गृहपाठ देते: घरात कोण कशाला वैतागतं ते आठ दिवस लिहून आणा. उपाय लिहायचा नाही, फक्त वैताग.

काय काय येतं! 'बाबा मोटरचं बटन दाबायला रात्री दोनला उठतात आणि लाइट गेलेली असते.' 'बकरी तुरीत शिरते.' 'आजोबांना गोळ्या कोणत्या ते समजत नाही, सगळ्या पांढऱ्या.' यातलं निम्मं खरं संशोधनाचं असतं.

एका सातवीतल्या पोरीनं लिहिलं होतं, 'आजीचे हात रात्री जळतात.' आमची भिवापुरी मिरची तुम्हाला ठाऊक असेल, भौगोलिक मानांकन मिळालेली. त्या मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे देठं काढायच्या जागी, बाया दिवसभर बसून देठं खुडतात. बोटांची आग इतकी की रात्री पाण्यात हात बुडवून बसतात. मी तिला विचारलं, "आजी हातमोजे काहून नाही घालत?" ती म्हणाली, "घातले होते. मोज्यानं देठ पकडता येत नाही, मग कमी भरते, मग पैसे कमी." एवढं तिला माहीत होतं. मला नव्हतं.

मग तिनं काय केलं, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा अंगठ्यात बसेल असा कापला आणि नखकटरची एक पात त्यात खोवली. पहिला नमुना दोन मिरच्यांत फाटला. दुसऱ्यात पात उलटी, देठाऐवजी मिरचीच कापली जायची. तिसरा आजीनं स्वतः वापरून पाहिला आणि म्हणाली, "पात मांगं घे थोडीशी." चौथा चालला. मी फक्त ब्लेड लावू दिलं नाही आणि चारही नमुने फेकू दिले नाहीत. टेबलावर ते ओळीनं मांडले आणि खाली तिच्याच अक्षरात काय बिघडलं ते. परीक्षक त्या फाटलेल्या नमुन्यापाशीच सगळ्यात जास्त वेळ थांबले. तिला पाठांतर करावंच लागलं नाही.

तेव्हा नियम म्हणून सांगायचं तर: बिघडलेलं सांभाळा, तारीख घाला, आणि तुमचा हात मॉडेलपासून लांब ठेवा. मॉडेल वाकडं दिसलं तरी चालेल.

जमलंच तर प्रदर्शनाआधी पोरांना नागपुरात गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात न्या. नुसतं बघायला नाही. प्रत्येकानं एक यंत्र निवडायचं आणि पाच मिनिटांत दुसऱ्याला समजावून द्यायचं, एवढंच. प्रवासाचं मात्र आधी बघा. आमच्याकडून जाणारी नागपूर-नागभीड छोटी गाडी 2019 साली बंद झाली. आता एसटी नाहीतर काळीपिवळी. स्पर्धेला निघताना नऊची वेळ असेल तर मी मुलांना आदल्या संध्याकाळी तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे पाठवते. सकाळच्या पहिल्या गाडीवर भरवसा ठेवून आमचा खो-खोचा संघ एकदा मैदानावर पोचला, तेव्हा चुना पुसत होते.

खेळाचं तसं सोपं आहे. पोरं चिवट असतात, अनवाणी कबड्डी खेळून मोठी झालेली. त्यांना फक्त वयाचा दाखला, पाणी आणि दुपारी पोटभर जेवण लागतं.

भाषणाचं अवघड. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण आपण लिहून देतो, त्यात 'सन्माननीय व्यासपीठ' असतं, आणि पोरगं तिसऱ्या ओळीवर अडकतं. मी आता पोळ्यापासून सुरुवात करते. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या आरोळ्या, म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन लहान पोरांचा. वर्गात तोंड न उघडणारा एक पोट्टा तिथं अख्ख्या गावासमोर खणखणीत झडती म्हणताना मी पाहिला. त्याला भीती माणसांची नव्हती, माझ्या पुस्तकी मराठीची होती. त्या वर्षी त्याला विषय दिला 'आमचा बैल' आणि सांगितलं, घरी बोलतो तसाच बोल. केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, तिसरा आला. एका परीक्षकानं 'भाषा शुद्ध नाही' असा शेरा मारला. मी तो शेरा त्याला दाखवला नाही.

बक्षीस आल्यावरची कामं मात्र शिक्षक विसरतात. प्रमाणपत्र हातात पडताच तिथंच, मंचावरून उतरल्या उतरल्या, नाव वाचा. चुकलं असेल तर त्याच दिवशी बदलून मिळतं, नंतर नुसते हेलपाटे. झेरॉक्स शाळेच्या फाइलला, मूळ प्रत घरी. आणि भिंतीवर खिळ्यानं ठोकू नका म्हणून सांगा. परिपाठात नाव घेताना जिंकलेल्यांबरोबर गेलेल्या सगळ्यांचं घ्या. फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायला हरकत नाही, पण पोरीचा फोटो, पूर्ण नाव आणि गाव असं एकत्र करून रील बनवू नका. एका पुढाऱ्यानं असं केलं होतं, तिच्या मायनं घरी येऊन मला सुनावलं, आणि बरोबर सुनावलं.

आणि एनएमएमएस लागलेलं पोर आठवी करून दुसरीकडे गेलं तरी सोडू नका. आठवीला त्याला 55 टक्के पडायला हवेत, अनुसूचित जाती-जमातीला इथंही 5 टक्के सूट. नवीन शाळा सरकारी किंवा अनुदानित आहे ना, ते आधी पाहा. चकचकीत बोर्ड बघून विनाअनुदानित शाळेत घातलं की शिष्यवृत्ती गेली. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी नववीत, मग दरवर्षी नूतनीकरण. नव्या शाळेतल्या बाबूला हे ठाऊक असेलच असं नाही. जुलैत त्यांना फोन करा, तुमच्या वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवा. दहावीत 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 55, हे पोराला नववीतच सांगून ठेवा.

मोबाइल नंबर कोणाचा द्यायचा, हा शेवटचा प्रश्न. बापाचा नंबर रिचार्ज संपला की बंद पडतो, भाऊ कामाला गेला की त्याचं सिम त्याच्याबरोबर जातं. घरात जो नंबर सगळ्यात जुना तोच द्या, बहुतेक वेळा तो मामाचा निघतो. स्वतःचा देऊ नका. मी दिला होता. दोन वेळा बदली झाली माझी, पोरं कॉलेजात गेली, तरी अजून रात्री जेवताना फोन वाजतो: "मॅडम, ओटीपी आला असेल, सांगा ना जी लवकर, दहा मिनिटंच असतो."