अख्खा ऑर्केस्ट्रा दोन हातांत उतरवताना

वेंगुर्ल्यात पियानो शिकवतो म्हटलं की लोक आधी विचारतात, खाऱ्या हवेत तो टिकतो कसा? नाहीच टिकत. तारा गंजतात, लाकूड फुगतं. म्हणून माझ्याकडे 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे, आणि पावसाळ्यात लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर. सिंफनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना, पियानोवर उतरवायला एवढं पुरतं. 61 पट्ट्यांचा कीबोर्ड मात्र घेऊन बसू नका; डबल बासचा खर्ज त्यात मावत नाही.

सुरुवात बेथोव्हनच्या सातव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागापासून करा, म्हणजे अलेग्रेट्टोपासून. 1813 साली व्हिएन्नात पहिल्याच प्रयोगाला या भागाने वन्स मोअर घेतला होता. शिवाय तो मुंगीच्या पावलांनी वाढतो, त्यामुळे शिकणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. हक्क कधीच संपलेत, त्यामुळे आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहावर पूर्ण स्कोर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असलेली प्रत, फुकट मिळतो. शेजारीच फ्रांझ लिस्ट या पियानोवादक-संगीतकाराची तयार पियानो-प्रत दिसेल. ती आत्ता उघडू नका.

आधी स्कोर नीट वाचायला शिका. इथेच बरेच जण कंटाळून उठतात. व्हायोलाच्या क्लेफमध्ये (कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी, ओळीच्या सुरुवातीची खूण) मधली रेघ म्हणजे मधला सी, पियानोच्या साधारण मध्यावरचा. डबल बास कागदावर दिसतो त्याच्या एक सप्तक खाली वाजतो. या सिंफनीतली क्लॅरिनेट ‘ए’ची आहेत, म्हणजे लिहिलेल्या सुराहून तीन अर्धसूर खाली. हे सगळं खऱ्या सुरात आणून चार ओळींच्या कच्च्या प्रतीत उतरवा: मुख्य सुरावट, तिच्या जोडीची दुसरी सुरावट, मधले कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), खर्ज. पेन्सिलीनेच लिहा, खोडरबर खूप लागणार आहे.

आता कापाकापी. बासरी आणि व्हायोलिन एकच सूर वाजवत असतील तर पियानोवर तो एकदाच लिहायचा. अशी दुहेरी बांधणी काढून टाकली की स्कोरमधली गर्दी एकदम ओसरते आणि खरं काम किती आहे ते दिसतं. दुसरी गोष्ट खालच्या पट्टीची. तिथे जवळजवळचे सूर एकत्र दाबले की नुसता गाळ ऐकू येतो. म्हणून खाली एक सप्तकाची जोडी ठेवा आणि कॉर्डचे बाकीचे सूर मधल्या सी-च्या आसपास वर आणा. बेथोव्हनने ते खाली लिहिले असले तरीही.

माझ्या मते सगळ्यात अवघड असतो तो लांब सूर. दशावतारात पायपेटीवाला पाय मारत राहतो तोवर सूर भरलेला राहतो. पियानोचा सूर दाबल्या क्षणापासून मरायला लागतो. अलेग्रेट्टोच्या आरंभीचा ए मायनरचा कॉर्ड फुंकवाद्यांत जोरात सुरू होऊन विरत जातो. तिथे हीच खोड कामाला येते: दाबा, धरून ठेवा, पियानो आपोआप विरतो. पण लांब सूर फुगत जाणारा असेल तेव्हा तो पुन्हा हळूच दाबावा लागतो, किंवा खालच्या साथीत जोर वाढवून कानाला फसवावं लागतं. व्हायोलिनचा थरथरता सूर एकाच पट्टीवर बडवू नका, मनगट दुखेल आणि शिलाई मशीन चालल्यासारखं वाटेल. कॉर्डमधले दोन सूर आलटून पालटून वाजवा.

पुढे सगळा ऑर्केस्ट्रा एकत्र येतो तिथे मुख्य सुरावट फुंकवाद्यांत, जोडीची सुरावट पहिल्या व्हायोलिनकडे, मध्ये तिनातिनाचे गट आणि खाली खर्ज. चार कामं, हात दोन. मी जोडीची सुरावट उजव्या हाताच्या वरच्या बोटांना देतो. मुख्य सुरावटीची लय कानात आधीच बसलेली असते, त्यामुळे तिला मधल्या कॉर्डमध्ये एवढी जागा पुरते. तिनाचे गट डाव्या हाताला, आणि खर्ज बारच्या (ठरावीक ठोक्यांच्या खणाच्या) पहिल्या ठोक्यावर पेडलमध्ये धरून. गटांतले काही सूर गळतात. गळू देत.

हीच हिंमत सहाव्या सिंफनीच्या वादळात जास्त लागते. तिथे चेलो पाच सूर वाजवतात त्याच वेळात डबल बास चार वाजवतात. पाचावर चार जमवायला रात्री जागवू नका. त्या वेगात कोणालाही वेगळे सूर ऐकू येत नाहीत, नुसती गाज ऐकू येते. डाव्या हाताला खालच्या पट्टीत एकच घरंगळणारी ओळ द्या, आणि नगारे येतील तिथे जोर.

प्रत झाली की मोबाईलवर रेकॉर्ड करून हे संगीत कधीच न ऐकलेल्या माणसाला ऐकवा. आमच्या शेजारच्या काकी मध्येच म्हणाल्या, “ह्यो मगाचोच सूर मां रे?” सुरावट ओळखली म्हणजे काम झालं. नाही ओळखली तर साथ आणखी कापा.

लिस्टची प्रत यानंतर उघडा. त्याने नऊही सिंफनी उतरवल्या, 1865 साली त्या एकत्र छापून आल्या. तुम्ही अडलात त्याच बारपाशी जाऊन त्याने काय ठेवलं आणि काय सोडलं ते बघा. आणखी एक गोष्ट तिथून जरूर उचला: कुठला सूर मुळात कुठल्या वाद्याचा, हे तो ओळीवर लिहून ठेवतो. आपल्या प्रतीवरही ‘ओबो’, ‘हॉर्न’ असं लिहा. त्या पट्टीवर बोट वेगळं पडतं.