कंपनीच्या गेटवर मॅमोग्राफीची गाडी बोलवायची तर

मी चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीची गाडी बोलवायचं ठरलं की ऑफिसात सगळ्यात आधी बॅनर आणि फोटोग्राफरची चर्चा सुरू होते. तुम्ही त्यात पडू नका, यादी करायला घ्या.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, साधारण चाळिशीपुढच्या बायकांसाठी. आमच्या लाइनवरच्या पोरी वीस-पंचविशीच्या. या वयात स्तन दाट असतात, फिल्मवर गाठ नीट दिसत नाही. खरी गरज कँटीनच्या मावश्यांना आणि झाडलोट करणाऱ्यांना, आणि नेमक्या त्याच कंत्राटदाराकडच्या, म्हणजे कंपनीच्या पगारपत्रकात त्यांचं नावच नाही. म्हणून यादी गेटवरच्या हजेरीवरून करा. कामगारांच्या बायकांनाही बोलवा. तिशी ते चाळिशीतल्यांची डॉक्टर किंवा शिकलेल्या नर्सने हाताने तपासणी करावी. या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांवर टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाचा वीस वर्षं अभ्यास चालला. निम्म्या बायकांना प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी असं हातानेच तपासलं. २०२१ साली निष्कर्ष छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

जिला आधीच गाठ लागतेय, बोंडातून रक्त येतंय किंवा कातडी आत ओढली गेलीय, तिला गाडीची वाट बघायला लावू नका. तिने उद्याच दवाखान्यात जायचं. गाडी तक्रार नसलेल्यांसाठी आहे.

गाडीवाल्या संस्थेला पहिला प्रश्न: मशीन कोणतं? एक्स-रेचं मॅमोग्राफी मशीन असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना मागून घ्या. उष्णतेचा फोटो काढणारा कॅमेरा घेऊन कुणी ‘दाबणं नाही, दुखणं नाही’ म्हणत आलं, तर तो मॅमोग्राफीला पर्याय नाही, हे साहेबांना स्वच्छ सांगा. दुसरा प्रश्न: फिल्म कोण वाचणार आणि रिपोर्ट किती दिवसांत? तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: संशय आला तर पुढची सोनोग्राफी आणि बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, कुठे? सोनोग्राफीचं मशीन फिरत्या गाडीत ठेवायला गर्भलिंगनिदानाच्या कायद्याच्या कडक अटी आहेत, तेव्हा ती बहुतेक दवाखान्यातच होणार. त्या दवाखान्याचं नाव गाडी येण्याआधी लेखी हातात हवं. ते मिळत नसेल तर मी गाडीच बोलवत नाही.

गाडी सपाट जागी, ट्रकच्या रस्त्यापासून लांब उभी करा. एका बाईला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे तासाला तीन-चार. त्या हिशेबाने वेळा वाटून द्या आणि तो वेळ कामाचाच धरा. पगार कापला जाणार असेल तर कंत्राटी बाई येणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. टेक्निशियन बाईच हवी. गाडीच्या दाराशी एकही पुरुष सुपरवायझर उभा नको, ‘व्यवस्था बघायला’सुद्धा नको.

आदल्या दिवशी पाच मिनिटं बोला. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ लावायचा नाही, फिल्मवर त्याचे ठिपके दिसतात. पाळीनंतरचा आठवडा बरा, दुखतं कमी. दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर आधी सांगा. प्रत्येक स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबतात, दोन बाजूंनी. दुखतं, पण सोसवतं.

आणि मंगळसूत्र काढावं लागतं. इथे हमखास गाडी अडते. आमच्या कँटीनमधली एक मावशी दारातून माघारी फिरली, “गळा रिकामा नाही ठेवायचा मला.” मग तिच्याबरोबरच्या बाईने ते आपल्या मुठीत धरलं आणि बाहेर आल्याआल्या गळ्यात घातलं. तेव्हापासून मी जोड्या लावूनच वेळा देते.

रिपोर्ट कंपनीकडे येता कामा नये. ज्याचा त्याला, बंद पाकिटात. फोन नंबर लिहून घेताना विचारा, “हा फोन कोणाकडे असतो?” बरेचदा तो पोराकडे किंवा नवऱ्याकडे असतो. कुणाला सांगायचं हे तिने ठरवायचं.

काहीजणींना पुन्हा बोलावणं येतंच. फोनवर पहिलंच वाक्य असं असू द्या: “ताई, फोटो नीट कळला नाही, अजून एक तपासणी करायची आहे. बोलावलेल्यांपैकी बहुतेकींना काही निघत नाही.” हे खरंही आहे. पण तेवढ्यावर सोडू नका. तारीख घ्या, सुट्टी मंजूर करून द्या, सोबत कोण जाणार ते विचारा. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड चालू आहे का ते आधीच बघा, कंत्राटी बायकांचं बरेचदा अडकलेलं असतं. नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते तपासा, माहेरचं-सासरचं नाव इथेच घोळ घालतं.

रिपोर्ट चांगला आला तरी फिल्म किंवा सीडी फेकू नका म्हणावं. पुढच्या तपासणीत डॉक्टर जुनी फिल्म शेजारी ठेवून काय बदललं ते बघतात. आणि मधल्या काळात हाताला काही वेगळं लागलं तर ‘रिपोर्ट नॉर्मल होता’ म्हणून थांबायचं नाही.