सोसायटीच्या गॅदरिंगला बाटली डान्स बसवायचाय? मग हे वाचा

फिडलर ऑन द रूफ हे १९६४ चं ब्रॉडवे म्युझिकल, १९०५ च्या रशियातल्या अनातेव्का गावचा ज्यू दूधवाला तेव्ये, त्याला पाच मुली, आणि थोरल्या तिघी आपापला नवरा आपणच शोधतात त्यात बापाची होणारी ओढाताण. अख्खं नाटक सोसायटीत झेपत नाही. आम्ही ठाण्यात थोरलीच्या लग्नाचा सीन घेतला, त्झाइटेल आणि मोटेल शिंपी, त्यातच पुरुष हॅटवर बाटली तोलून नाचतात, तो हा बाटली डान्स. छोटा तुकडा असला तरी हक्कवाल्यांची परवानगी आधी घ्या.

मांडव सोपा, चार काठ्या आणि वर कापड, त्याला खुप्पा म्हणतात. शेवटी नवरा पायाने ग्लास फोडतो, तो जाड रुमालात गुंडाळा, आम्ही पहिल्या तालमीला विसरलो आणि टेरेसवर मोबाइलचे टॉर्च लावून काचा वेचत बसलो. मेंदी मात्र नको, आपल्याकडच्या बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यूंच्या लग्नात मेंदी असते (ठाण्यात त्यांचं १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे) पण ती कोकणातली, अनातेव्काची नाही.

आता बाटली. मूळ नाचात ती चिकटवत नाहीत, खरंच तोलतात. हॅट कडक आणि वरून सपाट हवी, मऊ टोपीवर दोन पावलंही टिकत नाही. सुरुवातीला प्लॅस्टिकची बाटली, तळाला चार बोटं पाणी. नजर समोरच्या एका खुणेवर ठेवायची, आमची खूण पाण्याच्या टाकीवरचा नंबर. खाली गुडघ्यांवर येऊन एकेक पाय पुढे टाकत सरकतात तिथे गुडघे सोलवटतात म्हणून पँटच्या आत नी-पॅड घालाच, आणि बाटली पडली तर उचलायला वाकायचं नाही, टाळ्या वाजवत रांगेतून बाजूला व्हायचं, कोणी हसत नाही उलट जास्त टाळ्या पडतात.

डान्सवर पडदा टाकू नका. कमिटीतले काका म्हणणारच की आनंदात संपवा ना राव, ऐकू नका, नाहीतर ती नुसती वरात होते. मूळ सीनमध्ये पोलीस अधिकारी माणसं घेऊन येतो आणि लग्न उधळून लावतो. म्युझिक मधेच तोडा, आहेराचं सामान खाली पडू द्या, दोन सेकंद कोणी हलायचं नाही. मग तेव्ये घरच्यांना आवरायला सांगतो, सगळे वाकून एकेक वस्तू उचलतात, लाइट तिथे हळूहळू घालवा.