कार्बनच्या तारखा वाचताना ‘±’ गाळू नका

बी.ए.ला इतिहास होता, गणिताशी दहावीनंतर फारकत. पुरातत्त्वात एम.ए. म्हणजे खापरं धुवायची आणि नकाशे काढायचे, असं वाटायचं. पहिल्याच सत्रात पुढ्यात कार्बन-१४च्या तारखांचा, म्हणजे जुन्या वस्तूंत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या वयांचा, तक्ता आला. मी ‘±’च्या पुढचं सगळं गाळलं आणि तारखा चढत्या क्रमाने मांडल्या. वही परत आली, लाल शाईत एकच ओळ : “अधिक-उणे कुठे गेलं?”

त्यानंतर सरावाला ट्युरिनचं कापड मिळालं. येशूचं कफन म्हणून पुजलं जाणारं हे कापड १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी तपासलं. अ‍ॅरिझोना ६४६±३१, ऑक्सफर्ड ७५०±३०, झुरिच ६७६±२४. हे सगळे बीपी, म्हणजे १९५० पासून मागे मोजलेली वर्षं. कापड एकच, आणि दोन टोकांत १०४ वर्षांचं अंतर!

‘±’ पुढचा आकडा म्हणजे एक प्रमाण विचलन, मोजमाप किती इकडेतिकडे असू शकतं त्याचं माप. प्रसामान्य वितरणाच्या घंटेसारख्या वक्रात एका विचलनाच्या आत साधारण ६८ टक्के येतात, दोनच्या आत ९५. दोन तारखांतला फरक त्या फरकाच्या विचलनाने भागला की झेड-स्कोअर मिळतो. इथे मी माती खाल्ली. ३१ आणि ३० सरळ मिळवून ६१ केले. १०४ भागिले ६१, १.७. म्हटलं, जुळतंय की! पण त्रुटींची अशी बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते : ९६१ + ९०० = १८६१, वर्गमूळ ४३. झेड आला २.४. १.९६ची नेहमीची रेघ (९५ टक्क्यांची हद्द) ओलांडली, निष्कर्षच उलटला.

तरी नुसती टोकाची जोडी उचलणं ही लबाडीच. तिन्ही तारखा एकत्र तपासायला काय-वर्ग चाचणी लागते. तिचं उत्तर ६.४, निव्वळ योगायोगाने पाच टक्केच वेळा ओलांडली जाणारी मर्यादा ६. म्हणजे विखुरलेपण थोडं जास्तच आहे, आणि त्यावर वादही झाले. पण पहिलं शतक बीपीत दोन हजारांच्या आसपास पडतं. ७५०±३० पासून ते चाळीस विचलनं लांब! कॅलिब्रेशननंतर, म्हणजे कार्बनची वर्षं दिनदर्शिकेच्या वर्षांत बदलल्यावर, कापड इ.स. १२६० ते १३९० मध्ये बसलं.

हा झेड कॅलिब्रेशनच्या आधीच काढा. नंतर तो सुबक वक्र उरत नाही, कधी एकाच तारखेला दोन-तीन शिखरं फुटतात.

आपल्याकडच्या जुन्या अहवालांत ‘टीएफ’ने सुरू होणारे नमुना-क्रमांक दिसतील. ते टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचे. तिथे तारीख ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्याने काढलीय की ५७३०च्या, ते आधी बघा. ३००० वर्षांच्या तारखेत तेवढ्यानेच सुमारे ८७ वर्षं वाढतात. या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे मला एक अख्खा तक्ता रात्रभर बसून पुन्हा करावा लागला होता.