भाषणांतला पॉप्युलिझम मोजायचा कसा

पॉप्युलिझम म्हणजे भली जनता विरुद्ध भ्रष्ट वरिष्ठ अशी मांडणी. ती मोजताना नेत्यावर शिक्का मारून सुरुवात करू नका. मोजायचं ते विधान. समाजशास्त्रज्ञ बार्ट बोनिकोव्स्की आणि राज्यशास्त्रज्ञ नोआम गिद्रॉन यांनी अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवारांची १९५२ ते १९९६ मधली २,४०६ भाषणं अशीच तपासली, म्हणून तर सत्तेबाहेरचे उमेदवार ही भाषा जास्त वापरतात हे दिसू शकलं.

आधी कोडबुक लिहा, म्हणजे कोणत्या परिच्छेदाला एक आणि कोणत्याला शून्य द्यायचं (कोड करायचं) याचे नियम. परिच्छेदात भली जनता आणि तिला लुबाडणारे भ्रष्ट वरिष्ठ, दोन्ही हवेत. एकच असेल तर शून्य. फुकट विजेचं आश्वासन यात बसत नाही. राष्ट्रवादाला वेगळा रकाना द्या, कारण एकाच परिच्छेदात दोन्ही सापडतात. एकक परिच्छेदच ठेवा. एकेका वाक्यावर गेलात तर 'जनता' एका वाक्यात आणि 'ते' पुढच्यात राहतात.

मग दोघांनी एकमेकांना न विचारता तेच २०० परिच्छेद कोड करावेत. नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका. शंभरांपैकी पाच एकाने निवडले आणि दुसऱ्याने भलतेच पाच, तरी एकमत ९० टक्के दिसतं! क्रिपेनडॉर्फचा अल्फा काढा, तो योगायोगाने जुळलेलं वजा करून एकमत मोजतो: ०.८० च्या वर उत्तम, ०.६७ पर्यंत जपून निष्कर्ष, त्याखाली कोडबुक दुरुस्त करून नवे परिच्छेद घ्या.

शब्दयादीने शोध स्वस्तात होतो, पण कचराही येतो. 'वॉशिंग्टन' शोधलं की राजधानीवरच्या टीकेसोबत जॉर्ज वॉशिंग्टनही हजर. मराठी भाषणांवर काम असेल तर 'जनता' शोधून 'जनतेला', 'जनतेच्या' सुटतात. 'जनत' शोधा, आणि पक्षांच्या नावांतली 'जनता' आधी वगळा. सापडलेला प्रत्येक परिच्छेद वाचावाच लागतो.

हल्ली हे काम भाषा-मॉडेलकडे देतात, म्हणजे हाताने कोड केलेल्या उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी प्रोग्रामकडे. बोनिकोव्स्की यांनीही सहकाऱ्यांसह २०२० पर्यंतची भाषणं तशीच तपासली. अडचण अशी की असे परिच्छेद विरळ असतात, त्यामुळे सरसकट नमुन्यात मॉडेलला शिकायला उदाहरणंच पुरत नाहीत. मॉडेल ज्यांवर अडखळतं ते परिच्छेद निवडून हाताने कोड करा आणि पुन्हा शिकवा. चाचणीचा संच मात्र यादृच्छिक हवा, शिकवणीपासून पूर्ण वेगळा, नाहीतर आकडे फुगतात. अचूकतेऐवजी एफ-१ (चुकून पकडलेले आणि निसटलेले परिच्छेद, दोन्ही धरणारा गुण) पाहा, तोही दशकवार: १९५० च्या दशकातली शत्रूंची नावं आजच्या भाषणांवर शिकलेल्या मॉडेलला ओळखता येत नाहीत, आणि सरासरीत ही चूक दडून जाते.