नव्या एआर-१५ मध्ये पितळेचा कीस दिसतोय? आधी या चुका टाळा

नवीन एआर-१५ रायफल जोडून पहिल्यांदा रेंजवर नेली, साठ-सत्तर राऊंड मारले, घरी येऊन अप्पर (बॅरल आणि बोल्ट असलेला वरचा भाग) उघडला आणि बोल्टवर (काडतुसामागे बंद होणारा सरकता तुकडा), बॅरल एक्स्टेंशनच्या (बॅरलच्या मागचं कडं, ज्यात बोल्ट अडकतो) दातांत, खाली ट्रिगरच्या कप्प्यात सगळीकडे सोनेरी चमचम, हे बघून पोटात गोळाच येतो. माझंही तेच झालं होतं. मी टेक्सासमध्ये राहतो, लोअर (ट्रिगर असलेला खालचा भाग) डीलरकडून रीतसर घेतला आणि अप्पर स्वतः जोडला, त्यामुळे पहिला विचार हाच की आपलंच काहीतरी चुकलं. तेव्हापासून ओळखीतल्या तीन-चार जणांच्या नव्या रायफली याच कारणासाठी उघडून बघितल्यात, आणि बहुतेक वेळा खरा बिघाड फार किरकोळ असतो, नुकसान होतं ते घाईघाईत केलेल्या दुरुस्तीने.

आधी एक स्पष्ट सांगतो. हे सगळं अमेरिकेतलं आणि जिथे कायद्याने चालतं तिथलं आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचे नियम आधी नीट बघा, तिथे बंधनं कडक आहेत. आणि भारतात परवान्याशिवाय बंदूक जोडणं हा शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा आहे, तेव्हा गावाकडच्या मित्राला उत्साहाने फोटो पाठवून "तू पण करून बघ" वगैरे अजिबात नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कीस दिसला रे दिसला की ड्रेमेल (घासायचं छोटं फिरतं हत्यार) काढणं. फीड रॅम्प (मॅगझिनमधून काडतूस चढून आत जातं तो उतार) गुळगुळीत करू, एक्स्टेंशनच्या कडा मारून टाकू, असं वाटतं. थांबा. अप्परचं अॅल्युमिनियम वरून कडक अॅनोडाइझ केलेलं असतं, तो थर गेला की खालचं मऊ धातू उघडं पडतं आणि मग प्रत्येक गोळीचं टोक तिथे घासून खड्डा पाडतं. एक्स्टेंशनमध्ये हात चुकला तर नवीन बॅरल. घासलेलं परत भरता येत नाही.

आधी कीस वाचायला शिका. माझे एक काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, त्यांच्याकडून लहानपणी ऐकलंय की काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, मुद्दाम तसं मऊ ठेवलेलं, म्हणजे बार उडाला की पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) फुगून चेंबरला (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) घट्ट बसते, गॅस मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की परत आकसून सुटते. म्हणजे स्टीलची धार लागली की ते सोललं जाणारच. थोडा कीस हा बिघाड नाही, तो या मशीनचा स्वभाव आहे. प्रश्न एवढाच की किती, कुठे आणि कुठल्या रंगाचा.

तर असं करा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने दोन्ही तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग बोल्ट कॅरियर (बोल्ट धरणारा सरकता भाग) काढून पांढऱ्या कागदावर हलका आपटा आणि जे पडेल ते उजेडात बघा. पिवळी पापुद्र्यासारखी चकती असेल तर ती पुंगळीची. लालसर असेल तर ते गोळीच्या जॅकेटचं (वरच्या आवरणाचं) तांबं, म्हणजे घासाघीस आत शिरताना, फीड रॅम्पवर होतेय. चंदेरी असेल तर लोहचुंबक फिरवा, चिकटलं तर स्टील, म्हणजे कुठलातरी पार्ट झिजतोय किंवा तुटतोय आणि ते मात्र शोधलंच पाहिजे. चंदेरी पण चिकटत नाही, तर बहुतेक अप्परचं अॅल्युमिनियम, कॅम पिन (बोल्टला फिरवणारी खीळ) जिथे घासते तिथलं, नव्या रायफलमध्ये थोडंसं येतंच. एवढ्या पाच मिनिटांच्या कामाने निम्मा गोंधळ संपतो आणि लोक नेमकं हेच न करता सगळं एकत्र पुसून टाकतात, मग कळणार काय?

दुसरी चूक, कारण पुढे शोधत बसणं. बहुतेकांना वाटतं की काडतूस आत जाताना घासतंय. पिवळा कीस असेल तर माझ्या अनुभवात तो जास्त करून बाहेर येतानाचा असतो. बोल्टला सात दात असतात आणि आठव्या जागी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी पकडून ओढणारा आकडा. बोल्टच्या तोंडात डाव्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला इजेक्टर असतो, तो पुंगळीला सतत उजवीकडे ढकलत असतो. म्हणजे पुंगळी मागे ओढली जाते तेव्हा ती एक्स्टेंशनच्या उजव्या बाजूच्या दातांना घासतच बाहेर येते. नव्या बॅरलमध्ये त्या दातांच्या कडा धारदार असतात, नव्या इजेक्टरची स्प्रिंगही कडक, त्यामुळे पुंगळीच्या अंगावर उभा ओरखडा आणि एक्स्टेंशनमध्ये पापुद्रे. शे-दोनशे राऊंडनंतर हे बऱ्यापैकी कमी होतं, काही न करता.

खात्री करायची असेल तर डमी राऊंड घ्या, बार आणि प्राइमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) नसलेले, आणि काळ्या पर्मनंट मार्करने पूर्ण रंगवा. एक मॅगझिनमधून नेहमीसारखा चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) सोडून आत जाऊ द्या, मग हळूहळू बाहेर ओढा. शाई कुठे खरवडली ते बघा. टोकाला असेल तर रॅम्प, अंगावर वरच्या बाजूला लांब रेघ असेल तर बोल्टचा खालचा दात किंवा मॅगझिनचे ओठ, उजव्या अंगावर असेल तर एक्स्टेंशन. मॅगझिन बदलून परत करा, रेघ गेली तर मॅगझिनच दोषी, विषय संपला. हे जिवंत काडतुसाने घरात कधीही करायचं नाही. एआरची फायरिंग पिन (प्राइमरवर आपटणारी सुई) मोकळी असते, बोल्ट बंद होताना ती प्राइमरवर बारीक टिकली उमटवते, प्रत्येक वेळी. रेंजवर न उडवलेलं काडतूस बाहेर काढून बघा, टिकली दिसेल.

टोकाला तांबं खरवडतंय असं दिसलं तर एक गोष्ट जरूर बघा. अप्परला एम-४ रॅम्प (अप्परपर्यंत खाली उतरणारे फीड रॅम्प) कापलेले आहेत आणि बॅरल एक्स्टेंशन जुन्या रायफल पद्धतीचं आहे, अशी जोडी झाली तर मध्ये पायरी तयार होते आणि गोळीचं टोक तिच्याखाली अडकतं. वेगवेगळ्या ठिकाणांहून स्वस्तात पार्ट जमवणाऱ्यांचं हे होतं. घासून पायरी काढू नका, जुळणारा अप्पर घ्या. आणि जे स्वतः काडतुसं भरतात त्यांनी पुंगळीच्या तोंडाची आतली कड मोडली का ते बघा, नाहीतर गोळी बसवतानाच जॅकेटची तांब्याची बारीक रिंग सोलून निघते आणि बिचाऱ्या रायफलवर आळ येतो.

इजेक्टर हा तर वेगळाच विषय, कारण तो कीस तयारही करतो आणि त्याच किसाने अडकतोही. पुंगळीच्या बुडावर चंद्रकोरीसारखा ओरखडा असेल तर इजेक्टरची कड धारदार आहे किंवा दाब जास्त आहे. पितळ इजेक्टरच्या भोकात साचलं की तो जॅम होतो, मग पुंगळ्या अडकायला लागतात आणि माणूस गॅस ब्लॉक (बॅरलमधून गॅस घेणारा भाग) बदलत बसतो. पातळ पंचने तो दाबून बघा, गुळगुळीत आत जाऊन झटकन परत यायला हवा. करकर लागली तर थेंबभर तेल सोडून वीस-पंचवीस वेळा दाबा, तेलावर तरंगत सोनेरी कण बाहेर येतात, मी स्वतः असे डझनभर कण टिश्यूवर टिपलेत. त्यानेही नाही झालं तर पिन काढून साफ करावा लागतो, स्प्रिंग दाबाखाली असते, डोळ्यावर चष्मा हवाच, सवय नसेल तर गनस्मिथकडे द्या. आणि स्प्रिंगचे वेटोळे कापून "थोडी नरम" करणं हे तर मुळीच नको, आज कीस कमी होईल आणि पुढे थंडीत, घाणीत पुंगळी बाहेरच पडणार नाही. इजेक्टर स्वस्त पार्ट आहे, नवीन टाका.

बोल्ट मागे ढकलला जातो तो बॅरलमधून घेतलेल्या गॅसने. तो गॅस जास्त असेल तर बोल्ट लवकर उघडतो, पुंगळी अजून चेंबरला चिकटलेली असताना तिला ओढतो, मग कडा फाटतात आणि कीस वाढतो. पुंगळ्या कुठे पडतात ते बघा, साधारण घड्याळातल्या (बारा म्हणजे नळीची दिशा) तीन ते साडेचारच्या दिशेला पडल्या तर ठीक, एक-दोनकडे पुढे फेकल्या जात असतील तर गॅस जास्त असण्याची शक्यता. अशा वेळी बफर बघा, म्हणजे बोल्ट कॅरियरच्या मागचं वजन, ते जड असलं की बोल्ट सावकाश मागे जातो. कार्बाइन बफर ३ औंसाचा असतो, एच ३.८, एच-२ ४.६. एक पायरी वर जाऊन बघा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला, बफर, स्प्रिंग आणि इजेक्टर एकदम बदलले की नक्की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

तेल ओतणंही टाळा. कॅरियरला ओलसर ठेवा, पण एक्स्टेंशनच्या दातांत तेल साचलं की सगळा कीस तिथेच लगदा होऊन बसतो.

आता ज्याच्यासाठी ताबडतोब गोळीबार थांबवायचा ते. प्राइमर सपाट झालेला किंवा गळून पडलेला, पुंगळीच्या बुडाजवळ चकचकीत कडं, बुडाचं पितळ इजेक्टरच्या भोकात चेपून उठलेला गोल ठसा, किंवा पुंगळी फाटलेली. यातलं काहीही दिसलं तर "अजून दहा मारून बघू" नाही. बॅरलवर काय लिहिलंय ते वाचा, .२२३ रेमिंग्टनच्या चेंबरमध्ये ५.५६ नाटो काडतूस घातलं तर दाब धोक्याच्या वर जाऊ शकतो, उलटं म्हणजे ५.५६ मध्ये .२२३ चालतं. हेडस्पेस (बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) गो आणि नो-गो गेजने (ते अंतर मापायचे तुकडे) तपासून घ्या, बोल्ट आणि बॅरल वेगवेगळ्या ठिकाणचे असतील तर पहिली गोळी मारायच्या आधीच घ्यायला हवं होतं. आणि गळलेला प्राइमर ट्रिगरखाली अडकून बसू शकतो, तो सापडेपर्यंत लोअर उलटा करून झटका.

हे सगळं घराच्या जेवणाच्या टेबलावर करू नका, त्या काजळीत शिसं असतं, हात साबणाने धुवा, मुलं असतील तर जास्तच.

माझ्या रायफलमध्ये काहीच बदलावं लागलं नाही. इजेक्टर एकदा तेलाने मोकळा केला, एक वाईट मॅगझिन बाजूला काढलं. पहिल्या सत्तर राऊंडनंतर कागदावर चिमूटभर कीस पडला होता, दोनशे चाळीसला चार-पाच कण, चारशेच्या पुढे कागद कोरा. केस डिफ्लेक्टरवर (पुंगळ्या वळवणारा अप्परवरचा उंचवटा) मात्र पिवळा डाग अजून आहे, पुंगळी तिथे आपटते म्हणून तो पडतोच, पुसला तरी पुढच्या रेंजला परत येतो.